खरजेचे निदान : लामांच्या कळपापासून कोकणातील गोठ्यापर्यंतचा इतिहास

प्रस्तावना

पशुरोगांच्या इतिहासलेखनात साथीच्या रोगांना नेहमीच अग्रस्थान मिळाले आहे. बुळकांडी, फाशी, घटसर्प, लाळ्या-खुरकूत या रोगांनी थोड्या दिवसांत शेकडो जनावरे दगावत आणि त्यामुळे शासनाला त्यांची दखल घ्यावी लागे. खरूज अथवा लूत या रोगाची गोष्ट वेगळी आहे. तो जनावराला एका रात्रीत मारीत नाही. जनावर अंग घासते, केस झडतात, कातडी जाड होऊन सुरकुतते, खाण्यावरचे लक्ष उडते, दूध आटते आणि अखेरीस अशक्त झालेले जनावर दुसऱ्याच एखाद्या कारणाने मरते. मृत्यूच्या नोंदीत खरजेचे नाव सहसा येत नाही. इतिहासाच्या साधनांत या रोगाचा माग कमी सापडतो त्याचे हे एक प्रमुख कारण होय.

खरूज हा माइट या सूक्ष्म जीवामुळे होणारा त्वचारोग आहे. माइट हा कीटक नसून कोळी व गोचीड यांच्या वर्गातील आठ पायांचा प्राणी आहे. जनावरांत प्रामुख्याने चार प्रकारचे माइट आढळतात. सार्कोप्टिस हा त्वचेत बोगदे करून राहतो, सोरोप्टिस त्वचेच्या पृष्ठभागावर राहून तिला टोचतो, कोरिओप्टिस पाय व शेपटीच्या भागात त्वचेच्या सुट्या पापुद्र्यांवर जगतो आणि डेमोडेक्स केसांच्या मुळांत वस्ती करतो. चौघांची राहणी वेगळी असल्याने त्यांचा शोध घेण्याची पद्धत व त्यांवरील उपायही वेगळे आहेत. म्हणूनच खरजेच्या बाबतीत ‘रोग कोणता’ या प्रश्नाइतकाच ‘किडा कोणता’ हा प्रश्नही महत्त्वाचा ठरतो.

प्रस्तुत लेखात या निदानाच्या इतिहासाचा आढावा घेतला आहे. त्याचा आरंभ दक्षिण अमेरिकेतील लामांच्या कळपांपासून होतो, कारण जनावरांतील खरजेच्या महासाथीचे एक अत्यंत तपशीलवार वर्णन तेथेच मिळते. तेथून युरोपातील सूक्ष्मदर्शक, वसाहतींतील कायदे, मुंबई इलाख्यातील पशुवैद्यकीय संस्था असा प्रवास करीत हा विषय रत्नागिरी जिल्ह्यातील शेळी-म्हशींच्या गोठ्यापर्यंत येतो. निदानाचे ज्ञान कोणाजवळ होते, ते कोणाकडे गेले आणि त्या स्थलांतरात पशुपालकाच्या पदरात काय पडले, हा या विवेचनाचा मध्यवर्ती प्रश्न आहे.

१. अँडीज पर्वतातील ‘काराचे’

लामा व अल्पाका हे उंटाच्या कुळातील प्राणी. इंका साम्राज्यात ओझे वाहण्यासाठी, लोकरीसाठी व मांसासाठी त्यांचे प्रचंड कळप पाळले जात. १५३२ मध्ये स्पॅनिश सैन्य पेरूमध्ये उतरले आणि त्यानंतर सुमारे बारा वर्षांनी या कळपांवर मोठे संकट कोसळले. गार्सिलासो दे ला व्हेगा या लेखकाने १६०९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या इंकांविषयीच्या ग्रंथात १५४४-४५ या काळातील या रोगाचे वर्णन केले आहे. तेथील लोक त्यास ‘काराचे’ म्हणत. या रोगाने पाळीव जनावरांपैकी दोन तृतीयांश नष्ट झाली आणि ग्वानाको व व्हिकुन्या हे रानटी प्राणीही त्यातून सुटले नाहीत, असे तो सांगतो.

गार्सिलासोचा जन्म १५३९ मध्ये कुस्को येथे झाला. त्याची आई इंका राजघराण्यातील होती आणि वडील स्पॅनिश होते. साथीच्या वेळी तो लहान मूल होता व ग्रंथरचना त्याने अनेक दशकांनंतर स्पेनमध्ये केली. त्यामुळे त्याने दिलेला दोन तृतीयांशाचा आकडा मोजणीचा नसून स्मृतीचा व ऐकीव माहितीचा आहे, हे लक्षात घ्यावे लागते. तथापि रोगलक्षणांचे त्याने केलेले वर्णन मात्र आजच्या ज्ञानाशी जुळणारे आहे. रोगाची सुरुवात मांड्यांच्या आतील, विरळ केसांच्या भागात होते, तेथून तो सर्वांगावर पसरतो, जाड खपल्या धरतात व त्यांना भेगा पडतात, असे तो नमूद करतो. पुढे मेंढपाळ याच जागा वारंवार तपासून रोग आरंभीच ओळखू लागले. लामांमध्ये सार्कोप्टिसजन्य खरूज जांघ, काख, पाय व तोंड अशा कमी लोकरीच्या ठिकाणी प्रथम दिसते, हे आधुनिक पशुवैद्यकही सांगते. सूक्ष्मदर्शकाचा पत्ता नसलेल्या काळात जनावर कोठे पाहावे हे त्या गुराख्यांना अनुभवाने उमगले होते.

ही साथ स्पॅनिश मेंढ्यांबरोबर आली की रोग तेथे आधीपासून होता, हा अभ्यासकांतील वादाचा मुद्दा आहे. १५९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या होसे दे आकोस्ता याच्या ग्रंथात इंकांच्या एका नियमाचा उल्लेख आहे. काराचे झालेले जनावर आढळताच ते जिवंत पुरून टाकावे, म्हणजे इतरांना लागण होणार नाही, असा तो नियम होता. असा नियम रूढ असेल तर रोगही पूर्वपरिचित असला पाहिजे, असे अनुमान काढता येते. मग महासाथ का उसळली? राज्यव्यवस्था कोसळली, कळपांची मोजदाद व देखरेख करणारे अधिकारी उरले नाहीत आणि जनावरे अस्ताव्यस्त झाली, हे एक संभाव्य उत्तर आहे. बाहेरून आलेल्या माइटची भर पडली, हे दुसरे. दोन्ही कारणे एकत्र घडली असणेही शक्य आहे.

या घटनेचा प्रतिध्वनी अलीकडेही ऐकू आला. अर्जेंटिनातील सान गिलेर्मो राष्ट्रीय उद्यानात २०१४ पासून पसरलेल्या खरजेच्या साथीने तेथील व्हिकुन्या व ग्वानाको यांचा प्रचंड संहार झाला. या साथीचे मूळ पशुपालनास उत्तेजन देण्यासाठी उद्यानाजवळ आणलेल्या लामांत असावे, असा संशोधकांचा निष्कर्ष आहे. नव्या जनावराची तपासणी न करता ते कळपात वा परिसरात आणले तर काय होते, याचा हा ताजा पुरावा होय.

२. किड्याचे दर्शन आणि अविश्वासाची दीडशे वर्षे

खरजेचा उल्लेख प्राचीन वाङ्मयात सर्वत्र आहे. रोमन लेखक केटो याने मेंढ्यांच्या खरजेवर ऑलिव्हच्या तेलाचा गाळ व इतर द्रव्ये चोळण्याचा उपाय दिला आहे. आयुर्वेदात कुष्ठाच्या अठरा प्रकारांत ‘पामा’ या खाजऱ्या विकाराची गणना होते. कृमींचा विचार करताना चरकसंहितेने काही कृमी इतके सूक्ष्म असतात की ते डोळ्यांना दिसत नाहीत, असेही म्हटले आहे. अर्थात हे विधान माइटविषयीचे आहे असे म्हणण्यास आधार नाही. मराठीतील ‘खरूज’ हा शब्द संस्कृत ‘खर्जू’शी नाते सांगतो. कुत्र्यांच्या बाबतीत मात्र ‘लूत’ हाच शब्द बोलीत रूढ आहे. जनसामान्यांनी एकाच रोगाला प्राण्यानुसार निरनिराळी नावे दिली असली, तरी तो संसर्गजन्य आहे याविषयी त्यांच्या मनात शंका नव्हती.

प्रत्यक्ष किडा पाहण्याचे श्रेय इटलीतील जोव्हान्नी कोसिमो बोनोमो व जाचिंतो चेस्तोनी यांना दिले जाते. १६८७ मध्ये बोनोमो याने फ्रान्चेस्को रेदी यास लिहिलेल्या पत्रात खरजेच्या किड्याचे व त्याच्या अंड्याचे चित्र देऊन हाच किडा रोगाचे कारण आहे असे प्रतिपादन केले. या शोधामागे लिव्होर्नो बंदरातील सामान्यांचे निरीक्षण होते, ही गोष्ट विशेष उल्लेखनीय आहे. गरीब स्त्रिया आपल्या मुलांच्या हातावरील फोडांतून सुईच्या टोकाने काहीतरी बारीक पदार्थ काढतात, हे चेस्तोनीने पाहिले होते.

तत्कालीन वैद्यकाने हा शोध स्वीकारला नाही. शरीरातील दोष बिघडल्याने खरूज होते, ही कल्पना इतकी दृढ होती की किडा असलाच तर तो रोगाचा परिणाम आहे, कारण नव्हे, असे मानले गेले. १८१२ मध्ये पॅरिसच्या सेंट लुई रुग्णालयात गालेस याने खरजेचा किडा दाखविल्याचा दावा केला. त्याने काढलेले चित्र चीज अथवा पिठातील माइटचे होते, हे नंतर उघड झाले व या प्रकाराने मूळ शोधावरचा अविश्वास आणखी वाढला. अखेर १८३४ मध्ये सिमोन फ्रान्स्वा रेनुची या कॉर्सिका बेटावरील विद्यार्थ्याने त्याच रुग्णालयात रुग्णाच्या त्वचेतून सर्वांसमक्ष किडा काढून दाखविला. ही युक्ती त्याने आपल्या बेटावरील खेडवळ स्त्रियांकडून पाहिली होती.

१६८७ ते १८३४ हा जवळजवळ दीडशे वर्षांचा काळ निदानाच्या इतिहासात फार बोलका आहे. साधन उपलब्ध होते व पुरावाही मिळाला होता. किडा काढण्याची कृतीदेखील अशिक्षित स्त्रियांना अवगत होती. अभाव होता तो या कृतीला ज्ञानाचा दर्जा देण्याच्या तयारीचा. बोगद्याच्या कोणत्या टोकाला किडा असतो हे डॉक्टरांना ठाऊक नव्हते आणि म्हणून तो त्यांना सापडत नव्हता.

जनावरांच्या खरजेचे कारण समजण्यास या वादाचा लाभ झाला. एकोणिसाव्या शतकात मेंढीच्या खरजेचा किडा माणसाच्या खरजेच्या किड्यापासून भिन्न आहे, हे स्पष्ट होत गेले. १८४१ मध्ये सोरोप्टिस ही स्वतंत्र प्रजाती मांडण्यात आली, तर १८४० च्या दशकातच केसांच्या मुळातील डेमोडेक्सचेही वर्णन झाले. १८६२ मध्ये देलाफों व बुर्गिन्यों यांचा माणूस व प्राणी यांच्या खरजेवरील बृहद्ग्रंथ पॅरिसमध्ये प्रसिद्ध झाला. यापुढे खरूज हा एक रोग न राहता अनेक रोगांचा गट बनला.

३. निदान आणि कायदा

किडा ओळखता येऊ लागल्यावर त्याचा नायनाट करणे हा राज्यव्यवस्थेचा विषय झाला. याचे कारण लोकर हे होते. सोरोप्टिस मेंढीची लोकर नासवतो आणि एकोणिसाव्या शतकात ब्रिटनच्या कापड उद्योगाला ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड व दक्षिण आफ्रिकेतून लोकर हवी होती. १८५२ मध्ये विल्यम कूपर याने सोमल व गंधक यांचे मिश्रण असलेली भुकटी बाजारात आणली. या भुकटीच्या द्रावणाने भरलेल्या हौदात मेंढ्या बुडवून काढण्याची पद्धत सर्वत्र पसरली.

ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडमध्ये सक्तीचे कायदे, निरीक्षक व बुडवणीचे हौद यांच्या साहाय्याने एकोणिसावे शतक संपेपर्यंत मेंढीची खरूज नाहीशी करण्यात आली. केप वसाहतीत १८९४ च्या कायद्याने हेच साधण्याचा प्रयत्न झाला, तेव्हा अनेक डच भाषक शेतकऱ्यांनी त्यास कडवा विरोध केला. निरीक्षक येऊन कळप दूषित ठरवणार, हालचालींवर बंदी घालणार आणि खर्च मात्र शेतकऱ्याने सोसायचा, हा त्यांच्या तक्रारीचा गाभा होता. रोगाचे निदान ही केवळ वैद्यकीय बाब न राहता सत्तेचीही बाब बनल्याचे हे उदाहरण आहे.

ब्रिटनमध्ये १९५२ मध्ये मेंढीची खरूज निर्मूलित झाली. १९७३ मध्ये ती पुन्हा उद्भवली. १९९२ मध्ये सक्तीची बुडवणी बंद करण्यात आली व त्यानंतर रोग पुन्हा देशभर पसरला. एकदा जिंकलेली लढाई देखरेख सैल होताच हरता येते, हा धडा या घटनाक्रमातून मिळतो.

४. मुंबई इलाखा : संस्था आल्या, खरूज मागे राहिली

हिंदुस्थानात ब्रिटिश राजवटीने जनावरांच्या रोगांकडे लक्ष दिले ते प्रथम सैन्याच्या घोड्यांसाठी व नंतर बुळकांडीच्या भीतीपोटी. १८७१ मध्ये पशुसाथींच्या चौकशी आयोगाचा अहवाल आला. मुंबईत परळ येथे बाई साकरबाई दिनशॉ पेटिट पशुरुग्णालयाच्या आवारात १८८६ मध्ये मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले व जे. एच. स्टील हे त्याचे पहिले प्राचार्य झाले. १८८९ मध्ये पुण्यात इंपीरियल बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी स्थापन झाली आणि १८९३ मध्ये ती कुमाऊँमधील मुक्तेश्वर येथे हलविण्यात आली.

या काळात सूक्ष्मदर्शकाने भारतीय पशुवैद्यकात आपले सामर्थ्य सिद्ध केले होते. १८८० मध्ये ग्रिफिथ इव्हान्स यांनी डेरा इस्माईलखान येथे घोडे व उंट यांच्या रक्तात ‘सर्रा’ रोगाचा परजीवी शोधला. तोच परजीवी रोगाचे कारण आहे, हे मानण्यास वरिष्ठ तयार नव्हते. बोनोमोच्या वाट्यास आलेला अनुभव दोन शतकांनी पंजाबच्या सीमेवर पुन्हा घडला.

उंटांच्या खरजेकडे मात्र लष्कराने गांभीर्याने पाहिले, कारण सरहद्दीवरील मोहिमा उंटांच्या पाठीवर चालत. पंजाबातील एच. ई. क्रॉस यांच्या १९१७ च्या आणि आर्नोल्ड लीस यांच्या १९२७ च्या उंटविषयक ग्रंथांत या रोगाची चर्चा आहे. उंट हा लामाचाच कुळबंधू असून त्यालाही मुख्यतः सार्कोप्टिसची बाधा होते. भारतीय उपखंडात लामांचे कळप नाहीत, परंतु लामांच्या खरजेला सर्वांत जवळचे उदाहरण शोधायचे झाल्यास ते राजस्थान-पंजाबातील उंटांत सापडते.

दख्खनच्या मेंढीच्या वाट्यास असे लक्ष आले नाही. तिची लोकर भरड, घोंगडी विणण्याच्या उपयोगाची होती. मेरिनो लोकरीच्या व्यापारासारखे साम्राज्याचे हितसंबंध तीत गुंतलेले नव्हते. शेळी तर ‘गरिबाची गाय’. ऑस्ट्रेलियात वा केपमध्ये झाला तसा निरीक्षक, सक्ती व हौद यांचा कायदा मुंबई इलाख्यात झाला नाही, याचा अर्थ येथे खरूज कमी होती असा नाही. ज्या जनावराच्या आजारपणाने राज्याच्या महसुलाला धक्का बसत नाही, त्याच्या आजाराचे निदान करण्याची निकड राज्याला भासत नाही, इतकाच त्याचा अर्थ आहे.

५. रत्नागिरी : पाऊस, गोठा आणि घाटवाट

रत्नागिरी जिल्ह्याची भौगोलिक परिस्थिती खरजेच्या दृष्टीने वैशिष्ट्यपूर्ण आहे. येथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. जून ते सप्टेंबर या काळात जनावरे बराच वेळ गोठ्यात बांधलेली असतात. माइटचा प्रसार मुख्यतः अंगाला अंग लागून होतो. जनावराच्या अंगाबाहेरही दमट व थंड जागी तो काही दिवस तग धरतो. त्यामुळे कोंदट गोठा, ओली जमीन व एकाच खांबाला अंग घासणारी जनावरे ही स्थिती त्यास पोषक ठरते. रोगाचा जोर सामान्यतः हिवाळ्यात दिसत असला, तरी कोकणात त्याची बीजे पावसाळी गोठ्यातच पेरली जातात असे मानण्यास जागा आहे.

कोकणच्या पावसात दख्खनी मेंढी टिकत नाही. म्हणून रत्नागिरीतील पशुधन प्रामुख्याने गाई, म्हशी व शेळ्या यांचे आहे. सह्याद्रीच्या उतारावरील गवळी धनगरांच्या वाड्या म्हशी पाळून दूध-तुपावर गुजराण करीत आल्या. मेंढ्या पाळणारे धनगर देशावरचे. पावसाळा सरल्यावर त्यांचे वाडे घाट उतरून कोकणात येतात, कापणी झालेल्या भातखाचरांत मेंढ्या बसवतात व पावसाळ्यापूर्वी परततात. शेतकऱ्याला खत मिळते व मेंढपाळाला चारा आणि धान्य. या देवघेवीत कळपांचा संबंध वाटेवरील इतर कळपांशी व स्थानिक शेळ्यांशीही येतो. मेंढीचा सोरोप्टिस आणि शेळीचा सार्कोप्टिस वेगळे असले, तरी कोणत्या कळपातून काय आले हे तपासण्याची व्यवस्था घाटवाटेवर नव्हती व नाही.

औपचारिक व्यवस्थेच्या अभावी पशुपालकांनी स्वतःची निदानपद्धती घडविली. जनावर खांबाला अंग घासते, दातांनी लोकर उपटते, लोकरीचे पुंजके लोंबू लागतात, कानाच्या कडेला खपल्या धरतात, या खुणा मेंढपाळाच्या नजरेतून सुटत नाहीत. कातरणीच्या वेळी प्रत्येक मेंढीची कातडी हाताखालून जाते. ही एक प्रकारे संपूर्ण कळपाची तपासणीच होय. उपचारात गंधक, करंजाचे तेल व सह्याद्रीत मिळणाऱ्या कडू कवठाच्या बियांचे तेल यांचा वापर होई. तेलाने खपल्या मऊ पडतात व गंधक माइटला मारक असते, तेव्हा हे उपाय निराधार नव्हते. त्यांची मर्यादा अशी की तेल प्रत्येक जनावराला, पुन्हा पुन्हा, अंगभर चोळावे लागे.

स्वातंत्र्योत्तर काळात १९६२ पासून जिल्हा परिषदांकडे पशुवैद्यकीय दवाखान्यांचे जाळे आले. १९७२ मध्ये दापोली येथे कोकण कृषी विद्यापीठ स्थापन झाले व परळचे मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय या विद्यापीठाच्या छत्राखाली आले. महाराष्ट्रातील सर्वांत जुन्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाचे विद्यापीठीय केंद्र अशा रीतीने काही काळ रत्नागिरी जिल्ह्यात होते. २००० मध्ये नागपूर येथे महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठ अस्तित्वात आल्यावर हे महाविद्यालय तिकडे वर्ग झाले. कोकण कन्याळ ही शेळीची जात विकसित करून तिला मान्यता मिळवून देण्याचे काम दापोलीच्या विद्यापीठाने केले. कोकणच्या अति पावसात तग धरणारी शेळी हवी, हा त्यामागील विचार त्वचारोगांच्या दृष्टीनेही अर्थपूर्ण आहे.

६. खरवड : एक साधी कसोटी

खरजेच्या निदानाची प्रयोगशालेय पद्धत आजही मूलतः एकोणिसाव्या शतकातीलच आहे. व्रणाच्या मध्यभागी नव्हे, तर जेथे रोगट व निरोगी कातडी मिळते त्या कडेला पात्याने खरवडायचे, कारण जिवंत माइट पुढे सरकत तेथे असतात. सार्कोप्टिसचा संशय असल्यास किंचित रक्त पाझरेपर्यंत खोल खरवडावे लागते, सोरोप्टिस व कोरिओप्टिससाठी वरवरची खरवड पुरते आणि डेमोडेक्ससाठी गाठ दाबून आतील द्रव्य काढावे लागते. खरवड दहा टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात तापविली की खपल्या व केस विरघळतात आणि माइट मोकळे होतात. मग सूक्ष्मदर्शकाच्या कमी क्षमतेच्या भिंगाखालीही ते ओळखता येतात. पायांच्या टोकावरील देठ सांध्यांचे असतील तर सोरोप्टिस, लांब व बिनसांध्याचे असतील तर सार्कोप्टिस, आखूड असतील तर कोरिओप्टिस, ही ओळखीची मुख्य खूण होय.

या कसोटीची एक मोठी उणीव आहे. सार्कोप्टिसच्या बाबतीत किडे थोडे व खाज फार अशी स्थिती असते, त्यामुळे रोग असूनही खरवडीत काहीच न सापडण्याचा संभव बराच असतो. किडा सापडला तर निदान पक्के, पण सापडला नाही म्हणून रोग नाही असे म्हणता येत नाही. लामांच्या बाबतीत हा प्रश्न अधिक बिकट आहे. एकाच जनावरावर दोन-तीन प्रकारचे माइट एकत्र असू शकतात आणि जस्ताच्या अभावामुळे होणारा त्वचाविकारही हुबेहूब खरजेसारखा दिसतो.

कोकणातही असे भ्रम निर्माण करणारे विकार आहेत. गजकर्णाने केस गोलाकार झडतात. शेळ्यांच्या ओठांवर मावा रोगाच्या खपल्या येतात. उवांमुळे जनावर अंग घासते. माळरानावर माजलेली घाणेरी खाल्ल्याने यकृत बिघडते आणि उन्हात कातडी, विशेषतः पांढऱ्या रंगाचा भाग, भाजल्यासारखी होऊन सोलवटते. २०२२ मध्ये महाराष्ट्रात लम्पी रोगाची साथ आली तेव्हा गाई-बैलांच्या कातडीवरील गाठींकडे सर्वांचे लक्ष वेधले गेले. या सर्वांचे उपाय परस्परांहून अत्यंत भिन्न आहेत. घाणेरीची बाधा झालेल्या जनावराला सावली हवी असते, कीटकनाशकाची फवारणी नव्हे.

७. औषध आले, निदान मागे पडले

१९७० च्या दशकात सातोशी ओमुरा यांनी जपानमधील मातीतून मिळविलेल्या एका सूक्ष्मजीवापासून विल्यम कॅम्बेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी आयव्हरमेक्टिन हे औषध विकसित केले. १९८१ पासून ते पशुवैद्यकात वापरात आले. या कार्याबद्दल ओमुरा व कॅम्बेल यांना २०१५ मध्ये नोबेल पारितोषिकाचा अर्धा वाटा मिळाला. सोमलाचे विषारी हौद आणि तेलाची अंगभर मालिश यांच्या जागी त्वचेखालील एक सुई आली. पशुपालकांचे श्रम वाचले व जनावरांचे हालही कमी झाले, हे निर्विवाद आहे.

या सोयीचा एक अनपेक्षित परिणाम निदानावर झाला. सुई स्वस्त व सहज मिळणारी असल्याने खरवड घेण्याचे कष्ट कोणी घेईनासे झाले. जनावर खाजवते म्हणून आयव्हरमेक्टिन, असा सरळ हिशेब रूढ झाला. परंतु हे औषध माइटच्या अंड्यांवर परिणाम करीत नाही, म्हणून मात्रा ठरावीक अंतराने पुन्हा द्यावी लागते. पृष्ठभागावर जगणाऱ्या कोरिओप्टिसवर व केस-कातडी कुरतडणाऱ्या उवांवर टोचलेल्या औषधाचा प्रभाव अपुरा पडतो. गजकर्ण, मावा व घाणेरीची बाधा यांवर ते निरुपयोगी आहे. दुधात त्याचा अंश उतरतो व त्यामुळे दुभत्या शेळीचे दूध वापरण्याचा प्रश्न उभा राहतो. शेणावाटे बाहेर पडणारा अंश शेणातील किड्यांना बाधतो. २०१८ मध्ये ब्रिटनमधील मेंढ्यांतील सोरोप्टिस या गटातील औषधांना दाद देत नसल्याचे प्रसिद्ध झाले. ज्या औषधाच्या भरवशावर निदान सोडून दिले, तेच औषध बोथट होऊ लागले तर हाती काय उरते, हा प्रश्न त्यामुळे समोर आला आहे.

डोंगरातील वाडीवर चार शेळ्या बाळगणाऱ्या कुटुंबासाठी हा प्रश्न तात्त्विक नाही. चुकीच्या निदानाने दिलेली सुई म्हणजे वाया गेलेला पैसा, लांबलेला रोग आणि शेजारच्या गोठ्यात पसरलेला संसर्ग. खरजेचा काही अंश माणसालाही त्रास देतो. बाधित शेळी हाताळणाऱ्याच्या हातावर काही दिवस पुरळ व खाज येते, मात्र प्राण्यांतील माइट माणसावर टिकून वाढत नसल्याने ती आपोआप शमते.

समारोप

वरील विवेचनावरून काही निष्कर्ष काढता येतात. पहिला असा की, खरजेच्या निदानातील प्रत्येक महत्त्वाच्या टप्प्यावर पशुपालकांचे अथवा सामान्य जनांचे निरीक्षण पायाभूत ठरले. अँडीजमधील गुराख्यांनी रोगाची पहिली जागा ओळखली, लिव्होर्नो व कॉर्सिकातील स्त्रियांनी किडा काढून दाखविला आणि देशावरच्या मेंढपाळाने कातरणीलाच तपासणीचे रूप दिले. दुसरा असा की, ज्या समाजात जनावराला व्यापारी मूल्य होते तेथेच निदानाला कायद्याचे पाठबळ मिळाले. शेळी व भरड लोकरीची मेंढी त्या पाठबळापासून वंचित राहिली. तिसरा असा की, प्रभावी औषधाने निदानाची गरज संपत नाही, ती केवळ काही काळ झाकली जाते.

रत्नागिरीसारख्या जिल्ह्यात या इतिहासाचा उपयोग अगदी साध्या स्वरूपाचा आहे. खरवड घेण्यासाठी लागणारे पाते, काचपट्टी, रसायन व सूक्ष्मदर्शक ही साधने महाग नाहीत. तालुक्याच्या दवाखान्यात ती वापरली जावीत, नवी शेळी कळपात सोडण्यापूर्वी काही दिवस वेगळी बांधली जावी आणि पावसाळ्यानंतर जांघ, कान व शेपटीचा बुंधा पाहण्याची सवय पशुपालकांत पुन्हा रुजावी, एवढे झाले तरी पुष्कळ साधेल. ग्रामीण भागातील महाविद्यालयांच्या प्राणिशास्त्र विभागांत सूक्ष्मदर्शक असतात व ते वापरणारे विद्यार्थीही असतात. पशुसंवर्धन खात्याशी सहकार्य करून या विभागांनी परिसरातील कळपांच्या खरवडींचा अभ्यास हाती घेतला, तर कोकणात कोणता माइट कोणत्या ऋतूत व कोणत्या जनावरावर आढळतो याची नोंद तयार होईल. मृत्यूच्या नोंदवहीत खरजेला स्थान मिळाले नाही. निदानाच्या नोंदवहीत तरी ते मिळावे, अशी अपेक्षा करणे अवाजवी ठरणार नाही.